फुकटचा सल्ला
बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मित्राचं वजन 118 किलो होतं. मधुमेह जुना, गुडघे कुरकुरत होते. डॉक्टरांनी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचवली, तेव्हा तो विचारायला आला. मी म्हणालो, ''अरे, जिभेवर ताबा ठेव. पोटावर सुरी कशाला?'' त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

असे निर्णय दवाखान्यात होत नाहीत. घरात आणि कचेरीत होतात. भुलीची भीती असते, खर्चाची धास्ती असते. आरोग्यविम्याच्या 2019 च्या नियमांत उंची-वजनाचा निर्देशांक 40, गंभीर व्याधी असल्यास 35, अशी अट होती; 2022 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई माणसांसाठी तो 27.5 धरला आहे. मधल्यांनी पैसे कुठून आणावेत?

पण खरा अडसर लाजेचा. लठ्ठपणा म्हणजे आळस आणि शस्त्रक्रिया म्हणजे पळवाट, असं आपण मानतो. वजन घटलं की शरीरच भूक वाढवतं, हे ध्यानात घेत नाही. शस्त्रक्रियेनंतरही मोजकं खाणं, जीवनसत्त्वांच्या गोळ्या, तपासण्या जन्मभर सुटत नाहीत. पळवाट कसली?

मित्र आता दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरत नाही. मीच चढून जातो. त्या दिवशी मी फक्त ''डॉक्टर काय म्हणाले?'' एवढंच विचारायला हवं होतं.