मराठा लाइट इन्फंट्री : अडीचशे वर्षांचा पलटणीचा वारसा

मराठा लाइट इन्फंट्री ही भारतीय लष्करातील सर्वांत जुन्या पायदळ रेजिमेंटांपैकी एक. मुंबई आणि आसपासच्या वखारींच्या रक्षणासाठी ईस्ट इंडिया कंपनीने ऑगस्ट १७६८ मध्ये तिची पहिली पलटण उभी केली आणि पुढच्याच वर्षी दुसरी. पहिली ‘जंगी पलटण’ आणि दुसरी ‘काली पांचवी’ या नावांनी आजही ओळखली जाते.

‘लाइट इन्फंट्री’ म्हणजे चपळ पायदळ. मुख्य फौजेच्या पुढे विखरून चालायचे, शत्रूचा ठाव घ्यायचा आणि बिगुलाच्या इशाऱ्यावर हालचाल करायची, हे त्याचे काम. १८४० मध्ये बलुचिस्तानातील काहुनच्या गढीत काली पांचवीची छोटी तुकडी मे ते सप्टेंबर वेढ्यात अडकली, पण तिने गढी पडू दिली नाही. त्याबद्दल १८४१ मध्ये काली पांचवीला लाइट इन्फंट्रीचा मान मिळाला. रेजिमेंटच्या चिन्हातला बिगुल आणि झपाझप चालण्याची कवायत हा त्याचाच वारसा आहे.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणींनी उपासमार सोसली आणि अखेर जवानांच्या वाट्याला तुर्कांची कैद आली. १९२२ च्या पुनर्रचनेत विखुरलेल्या मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या. बेळगाव हे तिचे प्रशिक्षण केंद्र झाले, ते आजतागायत आहे.

दुसऱ्या महायुद्धात रेजिमेंटच्या दोघांना इटलीच्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १० जुलै १९४४ रोजी तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनमधले सगळे जवान मशीनगनच्या माऱ्यात ठार किंवा जखमी झाले. एकट्या घाडग्यांनी मोर्चावर झेप घेतली. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले. आडून झालेल्या गोळीबारात ते त्याच मोर्चात कोसळले. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे हे जवान तेव्हा अवघे २२ वर्षांचे होते.

९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी अहमदनगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप मागे आणले. मग परत फिरून शत्रूचे तीन मशीनगन मोर्चे निकामी केले. त्यानंतर बांधाच्या माथ्यावर उभे राहून त्यांनी मराठा युद्धघोष दिला आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. जाधव जंगी पलटणीचे.

स्वातंत्र्यानंतर घाडग्यांची तिसरी पलटण पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि दुसरी पॅरा बटालियन झाली. जंगी पलटणीने डिसेंबर १९६१ मध्ये दमण मुक्त केले. दहा वर्षांनी या दोन्ही पलटणी पूर्व पाकिस्तानात एकाच मोहिमेत उतरल्या. जमालपूरच्या पाकिस्तानी फौजेच्या कमांडरला भारतीय ब्रिगेडियरने शरण येण्यास सांगणारे पत्र पाठवले. उत्तराच्या पत्रासोबत आली बंदुकीची गोळी. १० डिसेंबर १९७१ च्या रात्री वेढा फोडून दक्षिणेकडे निसटू पाहणारी ती फौज रस्ता अडवून बसलेल्या जंगी पलटणीवर येऊन आदळली आणि तिथेच मोडली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पॅराने टांगाईलजवळ छत्र्यांनी उतरून पूंगलीचा पूल घेतला आणि ढाक्याकडे माघार घेणाऱ्यांची वाट तोडली.

शांततेच्या काळातही पलटणीला लढाई चुकलेली नाही. दुसऱ्या पलटणीचे कॅप्टन एरिक टकर यांना नागा टेकड्यांतील कामगिरीसाठी, तर नवव्या पलटणीचे कर्नल वसंत वेणुगोपाल यांना २००७ मधील उरी भागातील कारवाईसाठी मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

‘कर्तव्य, मान, साहस’ हे रेजिमेंटचे ब्रीद, तर ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ हा तिचा युद्धघोष. महाराष्ट्राबरोबरच कर्नाटकातले तरुणही त्याच घोषाने चढाई करतात. जवानांना लष्करात प्रेमाने ‘गणपत’ म्हणतात. १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी प्राण देऊन कोंढाणा घेतला, त्याच्या स्मरणार्थ ४ फेब्रुवारी हा रेजिमेंटचा दिन म्हणून पाळला जातो.