मतदानाचा दिवस म्हणजे खाडा नव्हे

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल परिसरातून नाशिकच्या बांधकामांवर, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि सीमेपलीकडे गुजरातेत कामाला जाणाऱ्या मजुरांमध्ये, तसेच त्यांना नेणाऱ्या मुकादमांमध्ये, एक समज प्रत्येक निवडणुकीत नव्याने ऐकू येतो: भरपगारी सुट्टी कायम कामगारालाच मिळते, रोजंदारीवरच्या माणसाने मतदानाला जायचे तर त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचे. हजेरीच्या वहीत त्या तारखेच्या रकान्यात फुली पडते, आठवड्याच्या हिशेबात एक रोज वजा होतो आणि मजूरही तो खाडा, म्हणजे गैरहजेरीमुळे बुडालेला रोज, म्हणून निमूटपणे मान्य करतो.

हा समज साफ चुकीचा आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ यामध्ये १९९६ साली घातलेल्या कलम १३५ ब नुसार कोणताही व्यवसाय, व्यापार, औद्योगिक उपक्रम किंवा इतर कोणत्याही आस्थापनेत कामाला असलेल्या आणि लोकसभा वा विधानसभेसाठी मतदानाचा हक्क असलेल्या प्रत्येक व्यक्तीला मतदानाच्या दिवशी सुट्टी देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि त्या सुट्टीपोटी वेतनात कपात करता येत नाही. ‘काम नाही तर दाम नाही’ हा रोजंदारीचा नेहमीचा नियम येथे पुढे केला जाईल, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखलेले होते. म्हणूनच याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात असे स्पष्ट म्हटले आहे की, ज्याला एरवी अशा दिवसाचे वेतन मिळत नाही त्यालाही, सुट्टी दिली नसती तर जेवढे वेतन मिळाले असते तेवढे दिलेच पाहिजे. उदाहरणार्थ, एखाद्या गवंड्याच्या हाताखालील मजुराचा रोज ५०० रुपये आणि आठवडा सहा दिवसांचा धरला, तर २० नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे विधानसभेच्या मतदानाच्या बुधवारी, तो गावी गेला तरी त्या आठवड्याचा त्याचा हिशेब ३,००० रुपयांचाच व्हायला हवा होता, २,५०० रुपयांचा नव्हे. कायद्याचे शब्द इतके उघड असताना दर निवडणुकीला तोच वाद मजुराच्या माथी मारला जावा, ही खेदाचीच नव्हे तर संतापाची बाब आहे.

याच समजाची दुसरी बाजू अशी की, कारखाना ज्या गावात असतो तेथे मतदान असेल तरच सुट्टी लागू होते. लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत गुजरातमध्ये ७ मे रोजी आणि नाशिक जिल्ह्यात २० मे रोजी मतदान झाले. त्यामुळे मतदारयादीत हरसूलला नाव असलेल्या आणि वापीत काम करणाऱ्या मजुराला ‘आपल्याकडचे मतदान कधीच झाले’ असे उत्तर मिळू शकते. ते ग्राह्य नाही. आपल्या मतदारसंघाबाहेर कामाला असलेल्या मतदारांना, नैमित्तिक कामगारांसह, ही भरपगारी सुट्टी मिळते असे भारत निवडणूक आयोगाने स्पष्ट केलेले आहे. सुट्टीचा दिवस कारखान्याच्या पत्त्यावरून नव्हे, तर मतदारयादीतील नावावरून ठरतो.

इतर गैरसमज थोडक्यात सांगता येतील. ‘दोन तासांची सवलत दिली की पुरे’ हे खरे नाही: कायदा सुट्टीचा दिवस देतो, आणि पूर्ण दिवस सुट्टी देणे शक्य नसलेल्या अपवादात्मक आस्थापनांसाठीच राज्य शासनाच्या परिपत्रकांनी, सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने, काही तासांच्या सवलतीची मुभा ठेवलेली आहे, वाघेरा घाट ओलांडून गावी जाऊन परत येणाऱ्या माणसाला दोन तासांचा उपयोगही नाही. ‘बोटावरची शाई दाखवल्याशिवाय पैसे नाहीत’ अशी अटही कलमात कोठेही नाही. ‘ही सुट्टी सर्वांना सरसकट आहे’ हेही पूर्ण सत्य नव्हे, कारण ज्याच्या गैरहजेरीमुळे त्या कामात धोका किंवा मोठे नुकसान संभवते अशा मतदाराला हे कलम लागू होत नाही. तसेच ते लोकसभा आणि विधानसभेपुरतेच असल्याने ग्रामपंचायत व जिल्हा परिषद निवडणुकांच्या वेळी त्या त्या वेळचा शासन आदेश पाहावा लागतो.

कायद्याची खरी उणीव मात्र वेगळीच आहे. कलम मोडणाऱ्या मालकाला जास्तीत जास्त ५०० रुपये दंड होऊ शकतो, म्हणजे वरील उदाहरणातील मजुराच्या एका रोजाएवढाच. एवढ्या दंडाचा धाक वाटत नाही, हे मान्य करूनही हक्क मात्र उणा होत नाही. जिल्हा निवडणूक अधिकारी या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय, कामगार विभागाचे कार्यालय आणि १९५० हा मतदार मदत क्रमांक, येथे मजुराला दाद मागता येते. पण हिशेब झाल्यानंतर दाद मागण्यापेक्षा, मतदानाच्या आदल्या आठवड्यातच मुकादमाला त्या तारखेच्या रकान्यात फुलीऐवजी ‘भरपगारी सुट्टी’ असे लिहायला लावणे अधिक उपयोगाचे आहे, आणि कलम १३५ ब चे नाव तेव्हाच घेतले पाहिजे.