वॉट वाचून सोल्डरिंग आयर्न घेऊ नये

अंथुर्ण्याच्या शिवारात मोटारीचा स्टार्टर घराजवळ असतोच असं नाही. विहिरीच्या काठावर नाहीतर बांधाला पत्र्याची पेटी उभी असते, तिच्यात कॉन्टॅक्टर, रिले आणि लाइट आली की मोटार आपोआप चालू करणाऱ्या ‘ऑटो’ची प्लेट. शेतीपंपाची लाइन कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीत ऑटो बंद पडला की उसाचं भिजणं राहतं आणि कालव्याचं आवर्तन कुणासाठी थांबत नाही. पेटी उतरवून बारामतीला न्यायची, तर एक दिवस गेलाच. म्हणून हल्ली गावोगावची पोरं पेनाएवढं पोर्टेबल सोल्डरिंग आयर्न मागवून जागेवरच टाका मारतात. बेत चांगला आहे, पण आयर्न घेताना आणि वापरताना ऐकीव गोष्टींवर फार भर दिला जातो.

पहिली ऐकीव गोष्ट म्हणजे ‘जास्त वॉट तेवढं जास्त गरम, आणि जास्त गरम म्हणजे प्लेट जळणार’. वॉट आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ६०/४० ची सोल्डर वायर १८३ अंशांना मऊ पडायला लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळते. बिट, म्हणजे आयर्नचं तापणारं टोक, ३२० ते ३५० अंशांवर असलं की काम होतं. वॉट सांगतात ते एवढंच, की टाक्यानं ओढून घेतलेली उष्णता आयर्न किती लवकर भरून काढतं. दोन-अडीचशे रुपयांचं साधं २५ वॉटचं आयर्न नुसतं ठेवलं तर भलतंच तापतं, आणि रिलेच्या जाड पट्टीला टेकवलं की गार पडतं. मग माणूस अर्धा मिनिट दाबून धरतो आणि पट्टी बोर्डावरून सुटते. प्लेट खरी जळते ती अशी, कमी वॉटच्या आयर्ननं. तापमान ठरवून देता येणारं ६० वॉटचं आयर्न तोच टाका दोन-तीन सेकंदांत लावतं आणि बोर्डाला धक्का लागत नाही.

रानातल्या वस्तीवर यात आणखी एक भर पडते. मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज उतरतं. व्होल्टेज थोडं उतरलं, तरी पॉवर वर्गाच्या हिशेबानं उतरते. २३० व्होल्टवर २५ वॉट देणारं आयर्न १८० व्होल्टवर जेमतेम १५ वॉट देतं. मग ‘आयर्न खराब निघालं’ म्हणून दुकानदाराच्या नावानं बोटं मोडायची!

हाच हिशेब बॅटरीवरच्या आयर्नलाही लागू पडतो. टीएस१०० किंवा २०२० साली आलेलं पाइनसिल यांसारख्या आयर्नच्या बिटचा रोध साधारण ८ ओहम असतो. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी जोडली तर १८ वॉट मिळतात, २० व्होल्ट दिले तर ५०. पाच व्होल्टवर जेमतेम तीन वॉट मिळतात. त्यामुळे फवारणीच्या बॅटरीवर बारीक वायरी, सेन्सर, एलईडी यांचं काम आरामात होतं, पण कॉन्टॅक्टरकडे जाणाऱ्या जाड पट्टीपुढं ती हात टेकते. तशा दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केले की चित्र पालटतं. फक्त आपलं आयर्न २४ व्होल्ट घेतं का, ते त्याच्यावर वाचून मगच जोडा.

‘माझा चार्जर ६७ वॉटचा आहे, चालेल की!’ हेही नेहमी ऐकू येतं. चालेलच असं नाही. मोबाइल कंपन्यांचे बरेच जलद चार्जर आपापल्या ठरलेल्या फोनशीच पूर्ण ताकदीनं बोलतात. दुसरं काही जोडलं की ५ किंवा ९ व्होल्टवर येऊन थांबतात. वॉटचा मोठा आकडा सोडा आणि चार्जरवरच्या बारीक अक्षरांत ‘२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर’ अशी ओळ शोधा. लॅपटॉपच्या टाइप-सी चार्जरवर ती बहुधा सापडते. पॉवर बँक घेतानाही तेच पाहावं. आणि पाच व्होल्टच्या साध्या यूएसबीवर चालणारं आठ वॉटचं स्वस्त आयर्न इअरफोनच्या वायरीपुरतं ठीक आहे, स्टार्टरच्या प्लेटला लावू नये.

लाइटही नको, बॅटरीही नको, मग गॅसचं आयर्न रानासाठी सगळ्यांत उत्तम, असं काहींचं म्हणणं असतं. ब्युटेनवर चालणारं हे आयर्न ताकदीला चांगलं असतं, यात वाद नाही. पण बिटच्या बाजूच्या भोकातून गरम वायू बाहेर पडतो, तो शेजारच्या वायरीचं प्लास्टिक वितळवतो. वाऱ्यात तापमान हलतं. आणि तोडणी झालेल्या फडात, वाळलेल्या पाचटावर बसून ते पेटवायचं? मी तरी नाही म्हणेन.

आता वापराकडं. ऑटोची प्लेट भिंगाखाली धरून पाहिली, तर बहुतेक वेळा रिलेच्या पायाभोवती केसासारखी काळी गोल चीर दिसते. रिले जड असतो, रोज टकटक हलतो, तापतो, निवतो. त्यानं टाका सुटतो. यालाच मेकॅनिक ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. त्यावर आणखी सोल्डरचा गोळा चढवला की मजबूत होतं, हा समज खोटा. वर गोळा आणि आत तीच चीर. जुनं सोल्डर काढा, पाय खरडून स्वच्छ करा, पाय आणि पट्टी दोन्ही एकदम तापवा आणि सोल्डर वायर बिटला न लावता तापलेल्या पायाला लावा. सोल्डर बिटवर वितळवून थेंब वाहून न्यायची सवय अनेकांना असते. वायरच्या पोटात राळ भरलेली असते. धातूवरचा गंज खाऊन सोल्डरला पसरू देणं हे तिचं काम, कल्हईवाला भांड्यात नवसागर टाकतो तसं. वाटेतच ती जळून गेली, तर सोल्डर पाऱ्यासारखं गोळा होऊन बसतं. पत्र्याच्या कामाचं आम्ल मात्र प्लेटवर चुकूनही नको. काही महिन्यांत पट्ट्या हिरव्या पडतात.

बिट काळं पडलं की कानशीनं घासायचं, हा जुन्या काळचा धडा. तेव्हा बिट नुसत्या तांब्याचं असे, त्यामुळे घासलेलं चाले. वितळलेलं कथील तांबं खातं, म्हणून आताच्या बिटवर लोखंडाचा पातळ थर असतो. कानस लावली की तो थर गेला, आणि पुढं बिटला खड्डे पडतात. ओल्या स्पंजावर किंवा पितळी काथ्यात पुसा आणि आयर्न बंद करताना बिटवर थोडं सोल्डर राहू द्या.

धूर शिशाचा असतो, म्हणून तोंडाला रुमाल बांधणारेही भेटतात. शिसं उकळायला सतराशे अंशांच्या वर जावं लागतं. धूर असतो राळेचा. तो दम्याला वाईट, म्हणून वारा पाठीकडून येईल असं न बसता बाजूनं येईल असं बसावं. शिसं पोटात जातं ते हातावाटे. सोल्डर हाताळून त्याच हातानं तंबाखू मळणाऱ्याला धुराची काळजी करायचा फारसा हक्क नाही. आधी साबणानं हात.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज स्टार्टरच्या पेटीतच सापडतो. स्क्रूखाली जाणाऱ्या वायरीच्या टोकाला सोल्डर पाजलं की ती घट्ट बसते, असं भलेभले वायरमन सांगतात. पहिल्या दिवशी बसतेही. पण कथील-शिशाचं सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं, त्यात मोटारीचा भार आणि तापणं-निवणं. स्क्रू ढिला होतो, जोड तापतो, आणि एखाद्या रात्री टर्मिनल जळून एक फेज जातो. सिंगल फेज प्रिव्हेंटर नसेल तर मागोमाग मोटारही जळते. अशा ठिकाणी लग बसवून नीट दाबायचा, सोल्डरचं तिथं काही काम नाही. आणि हे सगळं फ्यूज काढून, टेस्टरनं तिन्ही फेज तपासून. आयर्न बॅटरीवरचं आहे म्हणून पेटीतली लाइन काही बॅटरीची होत नाही.