वीणा जुळवायचे यंत्र

आपल्या गावात सप्ताह बसतो तेव्हा सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. एक विणेकरी दमला की दुसरा ती गळ्यात घेतो. रात्रीसुद्धा पहारा चालू असतो. पण वीणा सुरात नसेल तर भजन एकीकडे आणि वीणा एकीकडे असे होते. म्हणून ती आधी जुळवावी लागते. एकदा जुळवली की झाले, असेही नाही. ऊन, दमट हवा आणि सारखे वाजवणे यामुळे तारा उतरतात. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एवढा नावाजलेला तंबोरा, पण तोसुद्धा वाजवण्याआधी जुळवावाच लागतो.

आमच्या भजनात हे काम आजोबा करतात. ते कान लावून खुंटी पिळतात. पण आता त्यांना कमी ऐकू येते. "माझे कान गेले, आता वीणा कोण लावील?" असे ते सारखे म्हणायचे. माझा चुलत दादा इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याने सुट्टीत एक यंत्र केले. ते कसे चालते ते मी सांगतो.

आधी तारेची माहिती. तार छेडली की ती थरथरते. एका सेकंदात जितके हेलकावे जास्त, तितका सूर उंच. तार ताणली की हेलकावे वाढतात, सैल केली की कमी होतात. जाड तार हळू हलते, बारीक तार भरभर हलते. पेटीत तार नसते, तिथे पितळेची पत्ती हलते. पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबली की सेकंदाला सुमारे २६२ हेलकावे होतात. इतके आपल्याला डोळ्यांनी मोजता येतील का? नाही. कान न मोजता ओळखतो. यंत्र मोजून ओळखते.

यंत्राला लागणारे सामान : बझरमधली पितळी चकती, आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर, आर्डुइनो नावाचा छोटा बोर्ड, तीन दिवे, एक बटन आणि बॅटरी.

चकती वीणेच्या लाकडाला चिकटवायची. लाकूड थरथरले की चकतीत अगदी थोडी वीज तयार होते. दादाने माइक का नाही लावला? कारण देवळात टाळ, पखवाज, माणसांचे बोलणे सगळे असते. माइक ते सगळे ऐकतो. चकतीला मुख्य करून लाकडाची थरथर समजते.

बोर्डातले घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख वेळा टिकटिक करते. एका हेलकाव्यात किती टिकटिक झाल्या ते बोर्ड मोजतो. सूर २६२ चा असेल तर सुमारे ६१,०६९ टिकटिक होतात. तार थोडी उतरून २६० झाली तर सुमारे ६१,५३८ होतात. म्हणजे ४६९ चा फरक. एवढा फरक बोर्डाला लगेच कळतो. तार सैल असेल तर लाल दिवा, जास्त चढली तर पिवळा आणि बरोबर लागली तर हिरवा दिवा लागतो.

पहिल्यांदा यंत्र फसायचे. २६२ च्या जागी ५२४ मोजायचे. कारण अख्खी तार हलते तशी तिची अर्धी अर्धी बाजूही हलते आणि दुपटीचा सूर निघतो. मग दादाने जवारीचा दोरा काढला आणि तार बरोबर मधोमध छेडली. मधोमध छेडली की दुपटीचा सूर जवळजवळ निघत नाही.

बटन कशाला? पाश्चात्त्य वाद्ये जुळवताना एका सुराचे ४४० हेलकावे धरतात. ते १९५५ साली जगात ठरले. पण आपला सा ठरलेला नसतो. गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे तो बदलतो. म्हणून चकती आधी पेटीला लावायची, सा वाजवायचा आणि बटन दाबायचे. यंत्र तो सा लक्षात ठेवते. मग चकती वीणेला लावायची.

पुढे आपले अपूर्णांक येतात. आमच्या वीणेला चार तारा आहेत. मधल्या दोन सा च्या, २६२. खालचा प म्हणजे सा च्या तीन चतुर्थांश, १९६ आणि अर्धा. खर्जाचा सा म्हणजे निम्मा, १३१. हा हिशोब बोर्ड स्वतः करतो.

आता आजोबा दिवा बघून खुंटी पिळतात. शेवटचा बारीक फरक मणी सरकवून काढतात. शेवटी जवारीचा दोरा परत घालतात. पण सा कोणता घ्यायचा हे यंत्र सांगत नाही. ते गाणाऱ्याचा गळा ऐकून माणसानेच ठरवायचे असते. आजोबांना नीट ऐकू येत नाही, म्हणून ते काम आता पेटीवाले काका करतात, आणि मी शेजारी बसून शिकतो.

येत्या शनिवारी दादा यंत्र शाळेत आणणार आहे. ज्यांच्या घरी वीणा, तंबोरा किंवा एकतारी असेल त्यांनी ती घेऊन यावी. पालकांनीही यावे.

– एक विद्यार्थी, इयत्ता चौथी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, खर्डा