शाकारणी सुटली, गळती राहिली

‘छप्पर दुरुस्त करायचं की बदलायचं’ हा प्रश्न मुंबई-कोकणातल्या जुन्या वखारींना फारसा पडला नाही. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. पुढच्या काही दशकांत एकमेकांत अडकणारी ती लाल कौलं किनाऱ्याने वर सरकत वखारींवर, शाळांवर, कचेऱ्यांवर चढली. त्यांच्यासोबत शाकारणीची शिस्त होतीच. वैशाखात शिडी लागायची, फुटकी कौलं उतरायची, सरकलेली जागेवर बसायची, किडलेली रीप किंवा वासा बदलला जायचा, पन्हळीतला पालापाचोळा निघायचा. चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं. त्यांतली थोडी दरवर्षी बदलत राहिली की काही दशकांत छप्पर बरंचसं नवं होऊन जायचं आणि मालकासमोर मोठ्या रकमेचा आकडा एकदम उभा राहायचा नाही.

महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या आणि गोदामांच्या छपरांचा इतिहास पाहिला तर कौलामागून सिमेंटचा पत्रा आला, सिमेंटच्या पत्र्यामागून पोलादी पत्रा आला. साहित्य सुधारत गेलं. देखभालीची सवय मात्र दरवेळी एक पिढी मागे राहिली, आणि आजच्या बहुतेक गळतींचं मूळ या मागे राहण्यात आहे.

गिरण्यांची गोष्ट थोडी वेगळी. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापडगिरणी स्थापन केली, ती ताडदेवला १८५६ मध्ये चालू झाली. त्यानंतरच्या गिरण्यांच्या विणकाम शेडवर जी करवतीच्या दात्यांसारखी छपरं दिसतात, ती रचना इंग्लंडातून आली. दात्याच्या उभ्या बाजूला काच आणि तिचं तोंड उत्तरेकडे, म्हणजे मागावर थेट ऊन न पडता दिवसभर एकसारखा उजेड मिळावा. योजना सुंदर होती, पण प्रत्येक दोन दात्यांमध्ये एक पन्हळ येत होती. लँकेशायरच्या शेडमध्ये त्या पन्हळीचं पाणी पोकळ बिडाच्या खांबांतून खाली नेत. तिथला पाऊस वर्षभर भुरभुरतो. मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो. पन्हळीत कबुतराचं एक घरटं किंवा कापसाच्या तंतूंचा एक बोळा अडकला तरी पाणी काठ ओलांडून थेट सुतावर यायचं. म्हणून पन्हळ साफ ठेवणं हे गिरणीत उत्पादनाचंच काम होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे अनेक गिरण्या उघडल्याच नाहीत आणि पन्हळ साफ करणारी माणसंही गेली. ज्यांनी नंतर ती बंद आवारं पाहिली त्यांना छपरं आधी कुठे खचली हे सांगावं लागत नाही. ती दात्यांमधल्या घळीत खचली.

खरा बदल घडवला तो सिमेंटच्या पत्र्याने. ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेक यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सिमेंट आणि ॲस्बेस्टॉसचे तंतू एकत्र करून पातळ, टणक पत्रा बनवण्याची रीत शोधली. भारतात हे पत्रे १९३० च्या दशकात बनू लागले. मग १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, आणि एमआयडीसीच्या वसाहतींत राखाडी पन्हळी पत्र्यांच्या शेड रांगेने दिसू लागल्या. पत्रा गंजत नव्हता, जळत नव्हता, स्वस्त होता. कौलासारखा सरकतही नव्हता. त्यामुळे वर चढून पाहण्याचं कारणच संपलं असं मालकांना वाटलं. शाकारणी सुटली ती इथे.

पण हा पत्राही म्हातारा होतो. ऊन-पावसाने त्याचा वरचा थर झिजतो, शेवाळ धरतं आणि तो ठिसूळ होतो. पहिली भेग बहुधा जे-बोल्टच्या भोकापाशी पडते, कारण बोल्ट आवळताना जास्त पिळला जातो आणि डांबरी वायसर काही वर्षांत कडक होतो. मग भेगेवर डांबराचा एक गोळा बसतो, पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी दुसरा. साखरेच्या गोदामात अशी गळती फार महाग पडते. साखर ओल ओढून घेते, आणि पोत्यांच्या थप्पीत वरून शिरलेलं पाणी किती खोल गेलं हे थप्पी उपसल्याशिवाय कळत नाही.

आणि इथे माणसं मरतात, हे स्पष्ट म्हणायला हवं. गळती काढायला वर गेलेला कामगार ठिसूळ पत्र्यावर मधोमध पाय ठेवतो आणि आठ-दहा मीटर खाली पडतो. उजेडासाठी मध्ये मध्ये टाकलेले पारदर्शक पत्रे धुळीने इतके मळतात की ते शेजारच्या पत्र्यापासून वेगळे ओळखू येत नाहीत. बोल्टची रांग दिसते तिथे खाली आधार असतो, एवढं तरी कामगाराला माहीत हवं. पण तेवढ्यावर त्याचा जीव सोपवणं चूक आहे. आडव्या फळ्या, सुरक्षा पट्टा आणि खाली जाळी यांशिवाय कुणालाही वर पाठवू नये. एका दुपारच्या दुरुस्तीसाठी हा खर्च कशाला, असं विचारणाऱ्याने काम बंद ठेवलेलं बरं.

पत्र्यातल्या ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचा प्रश्न वेगळा आहे. ॲस्बेस्टॉसमुळे कर्करोग होतो हे प्रस्थापित झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात या उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षं किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं, यांतला जो काळ उशिरा संपेल तोवर, जपून ठेवायला सांगितल्या. युरोपीय संघात २००५ पासून ॲस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी आहे. आपल्याकडे सिमेंटचे पत्रे अजूनही बनतात. छपराच्या दुरुस्तीसाठी याचा अर्थ सरळ आहे. धड असलेला पत्रा तंतू फारसे सोडत नाही. तो कापला, घासला, फोडला किंवा जोराच्या फवाऱ्याने धुतला की सोडतो. म्हणजे ‘आधी तारेच्या ब्रशने स्वच्छ घासून मग रंग’ ही लोखंडावरची सवय या पत्र्यावर घातक ठरते. बदलायचा असेल तर तो ओला करून, न फोडता, अख्खा उतरवायचा. न उतरवता त्याच्यावरच नवा पोलादी पत्रा चढवण्याचीही पद्धत आहे, पण खालच्या कैच्या आणि पर्लिन (पत्रे धरणाऱ्या आडव्या तुळया) वाढीव भार पेलतील का हे अभियंत्याने तपासल्यानंतरच.

काँक्रीटच्या गच्च्यांचं दुखणं निराळं, थोडक्यात सांगण्याजोगं. कार्यालयं, रुग्णालयं, हॉटेलं यांच्या स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालण्याची मुंबईची जुनी रीत चांगली आहे. गळती आली की जुना कोबा न काढता त्यावर नवा घालण्याची रीत मात्र वाईट. दहा सेंटिमीटर कोब्याचं वजन चौरस मीटरला पावणेदोनशे किलोच्या आसपास जातं. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर असा एक जादा थर म्हणजे पावणेदोनशे टन, ज्यांचा मूळ आराखड्यात विचारच केलेला नाही.

लोखंडी पन्हळी पत्रा तसा सिमेंटच्या पत्र्याहूनही जुना. हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये लंडनच्या गोदीत काम करताना त्याचं पेटंट घेतलं. त्याचा आजचा पोलादी अवतार मात्र १९७२ चा आहे, जेव्हा अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलने ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी बहुतांश जस्त असलेला मुलामा बाजारात आणला. २००५ मध्ये टाटा स्टील आणि ऑस्ट्रेलियाची ब्लूस्कोप यांची भागीदार कंपनी स्थापन झाली, तिचं मुख्यालय पुण्यात. चाकण, रांजणगाव, भिवंडी इथल्या नव्या शेड आज बहुतेक अशाच रंगीत, लांबलचक पत्र्यांच्या असतात.

या पत्र्यावर डांबराचा गोळा चालत नाही, कारण पत्रा हलतो. तीस मीटर लांबीचा पोलादी पत्रा चाळीस अंशांच्या फरकाने चौदा मिलिमीटर लांबतो आणि पुन्हा आखडतो. विदर्भातल्या मे महिन्यात हे रोज घडतं. स्क्रूची गोल भोकं हळूहळू लांबट होतात, रबरी वायसर सैल होतो आणि कडक गोळा निघून येतो. शिवाय नवीन स्क्रू मारताना पडलेला लोखंडाचा कीस तसाच राहिला तर त्याचा गंज मुलाम्याला डाग पाडतो. दिवसाअखेर छप्पर झाडणारा फॅब्रिकेटर मिळाला तर त्याला सोडू नये.

२००५ पासून या छपरांच्या तीन मोठ्या परीक्षा झाल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हजार चौरस मीटरच्या छपरावर तो ९ लाख ४४ हजार लिटर होतो. तेव्हा पत्रा शाबूत असूनही पन्हळी आणि डाऊनटेक पाइप अपुरे पडले की पाणी आत आलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि कोकणात घरं, शाळा, बाजारपेठा यांचे पत्रे उडाले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर गेलं आणि कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा नोंदला गेला.

वाऱ्याचं गणित प्रत्येक शेडमालकाने एकदा समजून घ्यावं. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा पायाभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, पुण्यासाठी ३९. ४४ मीटरचा वारा चौरस मीटरला सुमारे ११८ किलोचा दाब निर्माण करतो आणि छपराच्या मोठ्या भागावर तो वर ओढणारा असतो. वळचणीला, आढ्यापाशी आणि कोपऱ्यांत ही ओढ आणखी वाढते. खुद्द पत्र्याचं वजन चौरस मीटरला पाचेक किलो! म्हणजे छप्पर जागेवर राहतं ते फक्त स्क्रूंमुळे आणि ते स्क्रू धरणाऱ्या पर्लिनमुळे. पर्लिन गंजून पातळ झाली असेल तर वर नवाकोरा पत्रा टाकूनही उपयोग नाही.

म्हणूनच ‘दुरुस्ती की बदल’ हे ठिबकण्याच्या जागा मोजून ठरत नाही. गळती स्क्रू, सांधे आणि पन्हळीपुरती असेल, मुलामा टिकून असेल आणि पर्लिन निरोगी असेल तर दुरुस्तीच करावी. अशा छपराला बदलाचं अंदाजपत्रक देणाऱ्याला नकार द्यावा. गंज पत्र्यांच्या जोडांमधून खालच्या बाजूला उतरला असेल, भोकं लांबट होऊन स्क्रू धरत नसतील, एक गळती बंद केली की शेजारी दुसरी सुरू होत असेल, तर पुढची दुरुस्ती म्हणजे पैसे वाया घालवणं.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात बारा महिन्यांत छपराच्या २५ टक्क्यांहून अधिक भागाला हात लागला तर सगळं छप्पर चालू बांधकाम संहितेप्रमाणे करावं लागे. २०२२ मध्ये २००७ च्या किंवा नंतरच्या संहितेने बांधलेल्या छपरांना त्यातून सूट मिळाली. आपल्याकडे हा निर्णय बहुतांशी मालकाच्या हाती आहे, त्यामुळे जबाबदारीही त्याचीच.

या निर्णयात आता सौर पॅनेलची भर पडली आहे. पॅनेल पंचवीस वर्षांच्या हिशेबाने बसवतात. खालचा पत्रा आठ-दहा वर्षांचाच सोबती असेल तर मध्येच सगळं उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च येतो. पत्रा आधी, पॅनेल नंतर, हा क्रम पाळावा.

शेवटी मुद्दा महिन्याचा. गळती दिसते जुलैत आणि काम निघतं मे महिन्यात, जेव्हा फॅब्रिकेटर मिळत नाही, ठिबकण्याच्या जागा कुणाला नेमक्या आठवत नाहीत आणि घाईत डांबराचाच गोळा बसतो. मालकांनी यंदाच्या जुलैत प्रत्येक गळतीची जागा शेडच्या नकाशावर तारीख घालून लिहावी, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात अभियंत्याला वर आणि पर्लिनच्या खालून दोन्हीकडून पाहायला लावावं आणि बदलाचं काम असेल तर ते डिसेंबर-जानेवारीत उरकून घ्यावं.