गारगोटीचा बाण

लेकरांनो, तेरणेच्या पात्रात, बालाघाटाच्या माळावर किंवा नांगरलेल्या रानात एखादी चकचकीत कपची दिसली, तर तिला पाय लावून पुढे जाऊ नका. बहुतेक कपच्या पाण्याने किंवा नांगराच्या फाळाने फुटलेल्या असतात. पण एखादीला हजारो वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्याचा हात लागलेला असू शकतो. तो हात ओळखायचा कसा, ते आज सांगतो. त्यासाठी आधी दगडाची जन्मकथा ऐकावी लागेल.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे धाराशिव नव्हते आणि बालाघाटही नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा उसळला आणि थरावर थर साचत गेला. तोच आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. गुऱ्हाळाच्या काहिलीत रस उकळताना बुडबुडे येतात, तसे त्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे होते. लाव्हा थिजला आणि बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपत्या पाण्यातली सिलिका त्या पोकळ्यांत थराथराने बसत गेली आणि त्यातून अकीक, कॅल्सेडनी, जॅस्पर तयार झाले. आपण सगळ्यांनाच गारगोटी म्हणतो. बेसाल्ट कुजून त्याची काळी माती झाली, पण गारगोटी काही कुजली नाही. ती सुटली आणि ओढ्यांतून नद्यांत आली.

माणसाने हाच दगड निवडला, त्याला कारण आहे. खनिजांच्या कठीणपणाच्या १ ते १० या मापात अकीक जवळपास ७ वर बसतो. साधी सुरी ५ ते ६ च्या आसपास असते, म्हणून तिने त्यावर ओरखडा उठत नाही. शिवाय त्याचे कण इतके बारीक असतात की तो काचेच्याच रीतीने फुटतो. ठोका जिथून द्याल तिथून भेग कणांत न अडखळता धावते आणि कपचीला वस्तऱ्याची धार येते.

आता समजा, दहा हजार वर्षांपूर्वी असाच एक शिकारी मांजरा नदीच्या काठी बसला आहे. त्याच्याही कितीतरी आधी या खोऱ्यात केवढी जनावरे होती! शेजारच्या लातूर जिल्ह्यात मांजरेच्या जुन्या गाळातून हत्ती, पाणघोडा, रानबैल आणि काळवीट यांची दगड झालेली हाडे मिळाली आहेत. आपल्या शिकाऱ्याने एक गारगोटी उचलली आणि तिचे टोक उडवून सपाट बैठक केली. मग त्या बैठकीच्या कडेवर नेमका दाब देत एकामागून एक लांबट पाती काढली. पात्यांच्या दोन्ही कडा समांतर होत्या आणि मागे उरलेल्या गाभ्यावर उभ्या पन्हाळ्या पडल्या. मग त्याने एकेका पात्याचा तुकडा घेऊन त्याची एक कड मुद्दाम बोथट केली.

धारदार कड बोथट का करायची? त्या कडेने दगड लाकडाच्या खाचेत बसवायचा होता. खडबडीत पाठीला डिंक किंवा राळ घट्ट धरते आणि धार बाहेर मोकळी राहते. एक तुकडा टोकाला, दोन-तीन कडेला, असा बाण तयार झाला. एखादा तुकडा गळाला तरी बाण फेकून द्यायची गरज नव्हती, तेवढाच तुकडा बदलायचा. हे नुसते तर्क नाहीत. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहाचित्रांत काटेरी बाण धरलेले शिकारी आहेत आणि उत्तर प्रदेशात सराय नाहर राय येथे एका सांगाड्याच्या हाडात असे दगडी टोक रुतलेले सापडले.

या चिमुकल्या हत्यारांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात. बरीचशी ३-४ सेंटिमीटरपेक्षाही आखूड असतात. अशी कपची दिसली की तिला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, तुला कोणी फोडले? माणसाने ठोका दिला असेल, तर ठोक्याच्या जागेखाली छोटा फुगवटा असतो आणि तिथून पसरत गेलेल्या मंद लाटा दिसतात. पाठीवर आधीच्या पात्यांच्या खुणा एकाच दिशेने जातात. कडेवर बारीक टवके नीट रांगेत असतात. नांगराने किंवा गाडीच्या चाकाने उडालेले टवके मात्र कुठेही, कसेही असतात आणि जुन्या पृष्ठभागापुढे ताजे दिसतात. नदीने लोळवलेल्या दगडाच्या कडा तर गोल होतात. भिंग घ्या, दगड जागेवरच तिरप्या उन्हात पाहा, म्हणजे हे सगळे दिसेल.

दुसरा प्रश्न, तुझा आकार कोणता? एक बाजू सरळ धारेची आणि दुसरी कमानीसारखी बोथट, ती चंद्रकोर. तीन कोपऱ्यांचा तो त्रिकोण, चार बाजूंचा तो समलंब. नुसतीच एक कड बोथट असेल तर पाठीचे पाते आणि दोन कडा मिळून अणकुचीदार झाल्या असतील तर टोक. गाभा आणि टाकाऊ कपच्याही वेगळ्या मोजायच्या, कारण त्या सांगतात की हत्यार इथेच घडले.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड: तू कोणत्या काळाची आणि कोणत्या कामाची? अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या फॉल्सम येथे १९२७ मध्ये, नामशेष झालेल्या गव्याच्या बरगड्यांमध्ये एक दगडी टोक मिळाले. ते एका विशिष्ट घडणीचे होते, म्हणून तशी टोके दिसली की तिथले अभ्यासक काळाचा अंदाज बांधू शकतात. आपल्याकडे ते इतके सोपे नाही. मध्य प्रदेशातल्या मेहताखेडीची सूक्ष्मास्त्रे सुमारे ४५,००० वर्षांपूर्वीची आहेत. आणि पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जिथे उत्खनन केले तिथे, तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरीही अकीक-कॅल्सेडनीची पाती वापरत होते. त्यांच्या घरात तांबेही होते. तेच पाते एका हातात बाणाचे टोक होते, तर दुसऱ्या हातात विळ्याची धार.

म्हणून केवळ आकारावरून काळ सांगता येत नाही. तो सांगतो दगडाचा शेजार. तो कोणत्या थरात होता, जवळ खापर होते की नव्हते, जळकी हाडे होती का, कपच्यांचा सडा होता का, यावर उत्तर ठरते. खापरे आणि तांब्याबरोबरचे पाते बहुधा शेतकऱ्याचे. खापराचा मागमूस नसलेल्या जुन्या थरातली चंद्रकोर शिकाऱ्याची असण्याचा संभव मोठा. दगड उचलून खिशात टाकला की हा शेजार तुटतो आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायमचे जाते.

तेव्हा सापडले तर असे करा. दगड जागेवरच ठेवा. शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून फोटो काढा. शेताचा गट क्रमांक, ओढा, माती काळी की मुरमाड, हे लिहून घ्या. मग गुरुजींना ती जागा दाखवा आणि तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात कळवा. तेर हे गाव प्राचीन तगर नगर म्हणून जगाला माहीत आहे. त्या नगराच्याही हजारो वर्षे आधी या मुलखात कोण राहत होते, हे एकट्या दगडावरून कळणार नाही. दगड आणि तुमची वही मिळून ते सांगतील, म्हणून वहीतली नोंद दगडाइतकीच जपून करा.