रायसीनाच्या चढावर
दिल्लीस गेलेला आपला माणूस लाल किल्ला पाहतो, कुतुबमिनार पाहतो; रायसीना टेकडीवरच्या सरकारी इमारती मात्र गाडीच्या काचेतून पाहून मोकळा होतो. माझे सांगणे असे, की एक वेळ तेथे पायी जा. इंडिया गेटकडून पश्चिमेस सरळ चालू लागा.

समोर राष्ट्रपती भवनाचा घुमट दिसत असतो. सांचीच्या स्तूपाची आठवण करून देणारा. आता गंमत पाहा. विजय चौकाशी येता येता भवन जणू जमिनीत उतरू लागते, आणि चढाच्या पायथ्याशी तर खांब, पायऱ्या सारे नाहीसे होऊन नुसता घुमटच काय तो उरतो! असे का व्हावे? भवन आखले ल्युटेन्सने, आणि दोन्ही बाजूंची सचिवालये बेकरने. बेकरच्या इमारतीही टेकडीच्या माथ्यावर आल्या, त्यामुळे भवन मागे सरले आणि मध्ये हा चढ राहिला. १९१३ साली ल्युटेन्सने त्याला संमती दिली खरी. परिणाम ध्यानात आल्यावर मात्र तो वर्षानुवर्षे भांडला. उपयोग झाला नाही. नकाशावर सही करून मग पस्तावणारे काही आपल्याच गल्लीत असतात असे नाही!

चढून गेलात की उजव्या हाताला नॉर्थ ब्लॉक. स्वातंत्र्य लोकांकडे उतरून येत नसते, लोकांनीच उंच होऊन ते आधी कमवावे लागते, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर त्यावर कोरलेला आहे. राज्यकर्त्यांनी प्रजेला केलेला हा उपदेश! तो मनात ठेवून जवळच्या गोल इमारतीकडे वळा.

हे जुने संसद भवन. २०२३ पासून संविधान सदन. बेकरचीच ही १४४ खांबांची वास्तू लॉर्ड आयर्विन यांनी १८ जानेवारी १९२७ रोजी उघडली. दोनच वर्षांनी, ८ एप्रिल १९२९ ला, भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी येथल्या विधानसभेत बाँब टाकले आणि पळून न जाता अटक करवून घेतली. मधल्या घुमटाखालच्या दालनात पूर्वी सभासदांचे ग्रंथालय होते. तेथेच ९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समिती भरली, आणि डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने सिद्ध केलेली राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तेथेच स्वीकारली गेली. या दालनातले पंखे पाहण्याजोगे आहेत बरे का. छत फार उंच, म्हणून ते टांगलेले नाहीत; जमिनीवरच्या दांड्यांवर उलटे उभे आहेत.

राष्ट्रपती भवन आतून पाहायचे तर आधी नोंदणी करावी लागते. ओळखपत्रही बरोबर असू द्या. आणि जाताना शक्यतो हिवाळ्यात जा, कारण तो चढ उन्हाळ्यात ल्युटेन्सइतकाच तुम्हालाही छळेल.